तुम्हाला काय म्हणू?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या ज्या हॉस्पिटलात मी बारा वर्षं नर्स आहे, तिथे पेशंट वॉर्डात आला की त्याच्या पलंगामागच्या पांढऱ्या फळ्यावर त्याचं नाव लिहायचं असतं. केसपेपरवरचं नाव नाही, तर ज्या नावाने हाक मारलेली त्याला आवडते ते. म्हणून ताप आणि बीपी घेण्याच्याही आधी मी विचारते, "तुम्हाला काय म्हणू?" बहुतेक जण पटकन सांगतात. मार्गारेटबाईंना पेगी म्हटलेलं हवं असतं, जेम्स आजोबांना जिमी.

गेल्या हिवाळ्यात एका आजोबांनी मात्र उत्तर द्यायला दोन रात्री घेतल्या. वय ऐंशीच्या पुढे, खुब्याचं हाड मोडलेलं. पूर्व बेलफास्टमधल्या प्रॉटेस्टंट वस्तीत जन्मलेले, वडील जहाजाच्या गोदीत कामाला. दर 12 जुलैला वडिलांच्या खांद्यावर नारिंगी पट्टा असायचा आणि हा मुलगा ढोलाच्या मागे चालायचा. 1690 मध्ये बॉइन नदीकाठी प्रॉटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं, त्याची ती मिरवणूक. आजोबांचं नावही त्या विजयी राजाचंच. ते इथे सांगत नाही, राजा कोण ते कळलं म्हणजे पुरे. स्वतःला ते ब्रिटिश समजायचे. त्याबद्दल त्यांच्या मनात कधी प्रश्नच आला नव्हता.

1972 साली कामासाठी ते बर्मिंगहॅमला गेले. बांधकामावर पहिल्याच सकाळी मुकादमाने हाक मारली, "ए पॅडी!" पॅडी हे पॅट्रिकचं लाडकं रूप. आयर्लंडच्या कुठल्याही माणसाला इंग्लंडमध्ये या नावाने हाक मारत. आजोबा म्हणाले, "माझं नाव पॅडी नाही, आणि मी तुमच्याइतकाच ब्रिटिश आहे." मुकादम हसला. "बरं बरं, पॅडी."

त्या कामावर तीन पॅडी होते. एक हे, एक दक्षिणेतला कॉर्कचा, आणि एक बेलफास्टच्याच फॉल्स रोडचा, म्हणजे पक्क्या कॅथलिक वस्तीतला. आजोबा मला म्हणाले, "घरी असतो तर मी आणि तो एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकलं नसतं. तिथे आम्ही दोघं एकाच नावाचे झालो."

21 नोव्हेंबर 1974 च्या रात्री बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बाँब फुटले आणि 21 माणसं मेली. संशय आयरिश लोकांवर होता. दुसऱ्या दिवशी कामावर आजोबांशी कुणी बोललं नाही. त्यांचा चहाचा मग कुणीतरी कचऱ्याच्या पिंपात टाकला होता. मग त्यांनी दुकानात बोलणंच सोडलं, कारण तोंड उघडलं की उच्चारावरून गाव कळे. "तीन महिने," ते म्हणाले, "मी बोटाने दाखवून ब्रेड घेतला." त्या बाँबस्फोटांसाठी उत्तर आयर्लंडच्या सहा जणांना 1975 मध्ये जन्मठेप झाली. त्यांना दोषी ठरवणं टिकणारं नाही असं मान्य करून कोर्टाने त्यांना सोडलं ते 1991 मध्ये. सोळा वर्षं गेली.

दुसऱ्या रात्री, तीनच्या सुमाराला, आजोबांनी मला विचारलं, "मी कोण ते मी ठरवायचं, की हाक मारणाऱ्याने?"

त्या प्रश्नाने मला धरून ठेवलं आहे.

मी मूळची औरंगाबादची. माझ्या पासपोर्टावर जन्मगाव तेच आहे, आणि 2023 पासून त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. वडील नागसेनवनात राहून मिलिंद महाविद्यालयात शिकले, जे बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलं. मिलिंद आणि नागसेन ही नावं मी अक्षरओळख होण्याआधी ऐकली आहेत. मिलिंद राजा म्हणजे ग्रीक मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला, सागल नगरीत राज्य करणारा. तो भंते नागसेनांना भेटतो तेव्हा सगळ्यात आधी काय विचारतो? आपल्याला कोणत्या नावाने ओळखतात? माझ्या वॉर्डातला प्रश्न! आणि भंते उत्तर देतात की मला नागसेन म्हणतात खरं, पण ती बोलण्यापुरती खूण आहे, त्या नावाचा वेगळा कुणी आत सापडायचा नाही. राजा गोंधळतो. मग भंते त्याचा रथ पुढे करतात. चाक म्हणजे रथ का? आस? जू? लगाम? एकेक भाग बाजूला केल्यावर रथ कुठे राहिला?

आमच्या विहारात हा संवाद वडील सांगायचे तेव्हा मला हलकं हलकं वाटायचं. नाव ही खूण असेल, तर आम्हाला दिलेली सगळी घाण नावंही खुणाच, त्यांचा आतल्या माणसाला स्पर्श नाही. पण याच वडिलांनी एका नावासाठी मोर्चे काढले होते. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली. नाव नुसती खूण असेल तर घरं कशासाठी जाळली? आणि खूण मिळावी म्हणून माझे वडील सोळा वर्षं कशासाठी लढले? लहानपणी मी हे विचारलं तेव्हा वडील म्हणाले होते, मोठी झालीस की बघू. त्यांच्याकडून उत्तर मिळालं नाही. ते मला इथे, परक्या मुलखात, जमवावं लागलं.

इथे नोकरीला लागताना एक वेगळा फॉर्म भरावा लागला. 10 हून अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक मालकाने कामगार कोणत्या समाजाचे याची नोंद ठेवावी असा इथला कायदा आहे, भेदभाव होऊ नये म्हणून. पर्याय तीन. प्रॉटेस्टंट समाजाची, कॅथलिक समाजाची, किंवा दोन्हींपैकी नाही. मी तिसऱ्यावर खूण केली. नंतर कळलं की कुणी उत्तर दिलं नाही, तर त्याची शाळा, त्याचं नाव अशा गोष्टींवरून मालकाने अंदाज बांधावा अशी सोयच आहे. हेतू चांगला आहे, आणि कायद्याने अनेकांना न्याय मिळाला हेही खरं. तरी नाव सांगताच समोरचा माणूस मनात खण उघडतो, हे मला घरून ठाऊक होतं. आपल्याकडे आडनाव विचारतात, इथे शाळा विचारतात. एच या अक्षराचा उच्चार 'एच' केला की 'हेच', यावरूनही इथे धर्म ओळखतात. एका बाईंनी मला अगदी मनापासून विचारलं होतं, "बौद्ध ठीक आहे, पण प्रॉटेस्टंट बौद्ध की कॅथलिक बौद्ध?"

2021 च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडच्या लोकांना राष्ट्रीय ओळख विचारली. फक्त ब्रिटिश म्हणणारे 31.9 टक्के, फक्त आयरिश म्हणणारे 29.1 टक्के, आणि फक्त नॉर्दर्न आयरिश म्हणणारे 19.8 टक्के. बाकीच्यांनी दोन-तीन ओळखी एकत्र सांगितल्या किंवा वेगळंच काही लिहिलं. एका गल्लीत राहणारी, एकाच चक्कीचं पीठ खाणारी माणसं. 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे करारात एक वाक्य आहे, जे मला कुठल्याही धर्मग्रंथातल्या वचनाइतकं मोलाचं वाटतं. इथे जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावं, ब्रिटिश म्हणवावं किंवा दोन्ही, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क ब्रिटिश आणि आयरिश अशा दोन्ही सरकारांनी मान्य केला. इथल्या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं मेल्यावर इतकंच कागदावर आलं. पण तेच तर हवं होतं.

आमच्याकडे एक वेल्श फिजिओथेरपिस्ट होता, उत्तर वेल्समधला, घरी वेल्शच बोलणारा. एक सीनियर त्याला 'टॅफी' म्हणायचा. डेव्हिड या नावाच्या वेल्श रूपावरून पडलेलं हे नाव, आणि इंग्रजीत लहान मुलांना शिकवतात त्या एका जुन्या गाण्यात टॅफी चोर असतो. तो एकदा म्हणाला, मला तसं म्हणू नका. सीनियर म्हणाला, "अरे, नाव तर आहे नुसतं! प्रेमाने म्हणतो." मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन तिथेच उभी होते, आणि मला एकदम भंते नागसेन आठवले. शब्द जवळपास तेच, तरीही काहीतरी फार चुकत होतं.

त्या दिवशी डबा खाताना त्याने पणजीची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत मुलांच्या गळ्यात एक लाकडी तुकडा अडकवत. जो वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की तुकडा त्याच्याकडे जायचा, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. ही गोष्ट त्यांच्या घरात चार पिढ्या सांगितली जाते. त्यानेच मला सांगितलं की 'वेल्श' हा शब्दही त्यांचा नव्हे. सॅक्सन लोक समुद्रापलीकडून आले आणि जे आधीपासून तिथे राहत होते त्यांनाच त्यांनी 'परके' म्हटलं. वेल्श म्हणजे परका. अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात त्यातला 'वॉल' हाच, परमुलखातलं फळ. ते स्वतःला म्हणतात 'कम्री', म्हणजे एका मुलखाचे सोबती. आपल्याच घरात परकं हे नाव लागणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून द्यायला नको होतं.

पण टोपणनावांवर त्याचा राग होता असं नाही. त्याच्या गावात जोन्स इतके की आडनावाने कुणीच ओळखू येत नसे. म्हणून पाव विकणारा जोन्स ब्रेड, टपाल आणणारा जोन्स पोस्ट. त्याच्या आजोबांचं असंच धंद्यावरून पडलेलं नाव त्यांनी घराच्या पाटीवर लिहून घेतलं होतं. आपली कितीतरी आडनावं अशीच कुणाच्या सवयीवरून, शरीरावरून, कामावरून पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या मानाने मिरवली गेली. न्यूकॅसलचा माणूस स्वतःला जॉर्डी म्हणवतो, लिव्हरपूलचा स्काउसर, तिथल्या खलाशांच्या रश्श्यावरून. त्यात त्यांना आपलेपणा आहे. तोच शब्द बाहेरच्याने, वरून खाली टाकला, की वेगळा लागतो. आणि काही शब्दांना तर परतीची वाटच ठेवलेली नाही. टाइग हे जुनं आयरिश नाव, अर्थ कवी. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांना द्यायची शिवी त्या नावापासून झाली. कवी असा अर्थ असलेला शब्द भिंतीवर धमकी म्हणून रंगवलेला असतो.

आपणही यातून सुटलेले नाही. असईच्या लढाईचं मैदान माझ्या गावापासून दूर नाही. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं असं आम्ही शाळेत शिकलो. इथे आल्यावर मी ते पुन्हा वाचलं. सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला. गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी स्कॉटलंडच्या हायलँडर्सच्या. बाकीचं पायदळ मद्रासच्या शिपायांचं. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपल्याला सगळे इंग्रज. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर या सगळ्या दर्यापारच्या लोकांना मिळून टोपीकर म्हटलं आहे. त्या राज्यकर्त्यांची बाजू मला घ्यायची नाही, त्यांनी आपल्यावर कमी नावं लादली नाहीत. पण इथे कुणा स्कॉटिश बाईला मी पहिल्या वर्षी 'तुम्ही इंग्रज लोक' म्हणाले होते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आमच्या लोकांच्या चेहऱ्यावर हजारदा पाहिलेलं होतं. मी माफी मागितली.

आजोबांच्या गोष्टीकडे परत जाण्याआधी डेरीबद्दल सांगायला हवं. वायव्येतलं शहर. मूळ आयरिश नावाचा अर्थ ओकची राई. 1613 मध्ये लंडनच्या व्यापारी संघांनी तिथे वसाहत केली आणि सनदेत 'लंडनडेरी' आलं. आजही कोण कुठलं नाव घेतो त्यावरून तो कुठल्या बाजूचा ते ठरतं. हमरस्त्यावरच्या पाट्यांवरचं 'लंडन' कुणीतरी रंगाने पुसलेलं असतं. सरकारी लिखाणात मग दोन्ही नावं लिहून मध्ये तिरकी रेघ मारू लागले, आणि गेरी अँडरसन नावाच्या तिथल्याच रेडिओ निवेदकाने गावाला 'स्ट्रोक सिटी' म्हटलं, म्हणजे रेघेचं शहर. मी ती रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा वडिलांना फोन केला. 14 जानेवारी 1994 ला आमच्याही विद्यापीठाचं नामांतर झालं नाही, नामविस्तार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव ठेवून नवं जोडलेलं. वडील फोनवर म्हणाले, "रेघ मारून का होईना, माणसं मेली नाहीत ना आता? मग चालेल."

तर नाव खूण आहे की नाही? मला आता असं वाटतं की भंते नागसेनांचं बोलणं पूर्ण खरं आहे, आणि ते कोण कुणाबद्दल बोललं हे आपण विसरतो. त्यांनी स्वतःच्या नावाबद्दल सांगितलं. माझ्या नावाला चिकटू नका, मीही चिकटलेलो नाही. राजाने जर सिंहासनावरून त्यांना म्हटलं असतं की तुला काहीही म्हटलं तरी काय फरक पडतो, तू तर कुणीच नाहीस, तर ते धर्मवचन झालं नसतं, तो जुलूम झाला असता. नावात काही नाही असं म्हणायचा अधिकार ते नाव अंगावर वागवणाऱ्याचा आहे. हाक मारणाऱ्याचा नाही. प्रेमाने ठेवलेल्या नावालाही हेच लागू. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' हा गोड शब्द कायद्यात घालू लागले तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून निघून गेले. आम्हाला काय म्हणायचं ते आम्हाला विचारलं नाही, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. मलाही ते पुरेसं वाटतं.

याच्या पुढे आणखी एक पायरी आहे, आणि ती मला ज्याच्या नावावरून पॅडी आला त्या माणसाने दाखवली.

बेलफास्टपासून बसने तासाभरावर डाउनपॅट्रिक आहे. तिथल्या टेकडीवरच्या चर्चच्या आवारात ग्रॅनाइटची एक मोठी शिळा आहे, तिच्याखाली संत पॅट्रिक आहेत असं लोक मानतात. चर्च प्रॉटेस्टंटांचं, संत कॅथलिकांनाही तितकेच आपले. आयर्लंडचा हा पालक संत आयर्लंडचा नव्हताच. रोमन ब्रिटनमध्ये, खात्यापित्या घरात जन्मलेला मुलगा. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला आयरिश चाच्यांनी पळवून नेला, गुलाम केला, सहा वर्षं गुरं राखायला लावली. तो पळाला, घरी पोचला, आणि पुढे आपण होऊन त्याच लोकांत धर्म सांगायला परत गेला. त्याची लॅटिनमधली दोन लहान लिखाणं उरली आहेत. त्यातलं एक पत्र आहे कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना, ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या आयरिश माणसांना कापून काढलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून नेलं. त्या पत्रात पॅट्रिक दुःखाने सांगतो की त्या लोकांना आयरिश असणं हीन वाटतं. आणि हे सांगताना तो 'ते आयरिश' लिहीत नाही. 'आम्ही' लिहितो. ज्यांनी त्याला पळवून नेलं होतं, त्यांचं नाव ते तुडवलं जात असताना त्याने स्वतःवर घेतलं. वडिलांसारखंच मीही बौद्ध आहे आणि बौद्धच राहीन, पण त्या शिळेपुढे मी वाकून नमस्कार केला.

आजोबांनी दुसऱ्या रात्री मला उरलेली गोष्ट सांगितली. बाँबनंतर त्या बांधकामावर त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस होता, फॉल्स रोडचा. तो रोज सकाळी आपल्या थर्मासातला अर्धा चहा यांना द्यायचा, आणि हाक मारायचा ती यांच्या खऱ्या नावाने. ज्या राजाच्या विजयाचे ढोल दर जुलैला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी वाजायचे, त्या राजाच्या नावाने. बर्मिंगहॅममध्ये आजोबांना त्यांच्या नावाने हाक मारणारा तो एकटाच.

"तेच लिही," ते म्हणाले. मी फळ्यावर तेच लिहिलं. पाच आठवड्यांनी ते चालत घरी गेले, तोपर्यंत कुणी ते पुसलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मुलं लंडनला, एडिंबराला, डब्लिनला आहेत. मूळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, 2017 मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा आपण सगळ्यांनी तो आपला म्हटलं. त्या देशांतली माणसं आता आपल्या घरात सून, जावई, शेजारी होऊन येतात. माझी एवढीच विनंती आहे. कार्डिफच्या माणसाला इंग्रज म्हणू नका. ग्लासगोच्या माणसालाही नाही. बेलफास्टचा कुणी भेटला तर तो आयरिश की ब्रिटिश हे मनाशी ठरवून टाकू नका. त्याला विचारा, आणि तो जे सांगेल तेच म्हणा.